खंडेनवमीला बसवलेला पंप

अक्का,

तुमचं तेरावं उरकून काल साताऱ्याला परतले. बॅग उपसली, कपडे भिजत घातले, आणि आज सकाळचं सगळं आवरून लिहायला बसले आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आली की बसली लिवाया. जरा पाट टेकीव की गं." पाठ टेकून पाहिली. झोप येत नाही.

तुमचा जन्म कुठला, लग्न कधी झालं, भावजी, म्हणजे तुमचे यजमान, पलटणीतून पेन्शन घेऊन आले आणि थोड्याच दिवसांत कसे गेले, हे मी इथं लिहिणार नाही. ते तुमच्या गावाला पाठ आहे. मला एकाच दिवसाबद्दल बोलायचं आहे. त्या दिवसावरून आपला जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. आता तुम्ही उत्तर द्यायला नाही, म्हणून मी जिंकले असं मला अजिबात वाटत नाही.

एक अडचण आहे. बोलते आहे तुमच्याशी, पण वाचणार आहेत माझी टोरांटोची नातवंडं. त्यांच्या दृष्टीनं तुम्ही म्हणजे आमच्या भिंतीवरच्या फोटोतली, डोक्यावर घट्ट पदर घेतलेली उंच आत्याआजी. त्या फोटोत तुम्ही रागावल्यासारख्या दिसता. प्रत्यक्षात फोटोग्राफरनं हलू नका म्हणून सांगितलं होतं एवढंच. तर मुलांना समजावं म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही मधूनमधून सांगाव्या लागतील. चालवून घ्या.

एकाहत्तर साल. तुमच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी नवरात्राला अक्काकडं जायचंच म्हणून ह्यांनी हट्ट धरला. गाडी मी चालवली. हे धरणावर इंजिनियर होते तेव्हा मी कोयनानगरच्या वळणांवरच गाडी शिकले होते, त्यामुळं साताऱ्याहून इस्लामपूरच्या अलीकडचं तुमचं गाव गाठणं मला अवघड नव्हतं. अवघड होती ती गाडी. वाटेत दोनदा बंद पडली.

ह्यांचं म्हणणं, फ्युएल पंप तापतो. त्यावर ओलं फडकं टाकायचं, थोडं थांबायचं, की चालते. उन्हाळ्यात घाट चढताना सगळेच तसं करायचे. माझं म्हणणं, पंपच गेला आहे. मुलांसाठी सांगते: पेट्रोलची टाकी गाडीच्या मागे, इंजिन पुढे. मागचं पेट्रोल पुढे ओढायचं काम हा मुठीएवढा पंप करतो. त्याच्या आत एक रबरी पडदा वरखाली होत असतो. तो फाटला की पेट्रोल जायचं तिथं जात नाही, नको तिथं, म्हणजे इंजिनातल्या तेलात, झिरपतं. मी दर रविवारी इंजिनात मापाची पट्टी बुडवून तेल बघायची. ते कमी व्हायच्या ऐवजी वाढत होतं आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "वाढतंय ना? मग विकत आणायचं वाचलं." शेवटी माझी कटकट थांबावी म्हणून ह्यांनी सांगलीहून नवा पंप मागवला. तो खोक्यासकट डिकीत पडून होता. दसऱ्यानंतर साताऱ्याला बसवायचं ठरलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून देवापुढं बसवायची, हळदकुंकू लावायचं, फुलं वाहायची. आणि एकदा बसवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीच्या सीमोल्लंघनापर्यंत उचलायचं नाही. तुमच्या देवापुढं नांगराचा फाळ होता, विळे, कुऱ्हाड, भावजींचा पलटणीतला चाकू, विहिरीवरच्या इंजिनाचे पाने. आदल्या संध्याकाळी तुम्ही माझ्यापुढंही हात केला होता. "वैनी, गाडीची हत्यारं पन द्या. ती काय परकी हायती व्हय?" मी सगळी पिशवी दिली. इंजिन हातानं फिरवायचं हँडलसुद्धा.

पूजा झाली, नैवेद्य झाला, आणि शेजारचे शंकरराव अंगणात आले. ते मिरजेला रेल्वेत होते, दसऱ्यासाठी सकाळच्या एसटीनं घरी आलेले. दारातूनच म्हणाले, "अक्का, आनंदाची पलटन आज बेळगावासनं निगाली. मिरजंला गाडी बदलनार. सांजच्याला म्होरं."

"कुटं म्होरं?"

"त्ये कोन सांगत न्हाई."

सांगायची गरजही नव्हती. लढाई तोंडावर आली आहे हे त्या दिवसांत चहाच्या टपरीवरसुद्धा कळत होतं.

आनंदा तुमचं शेंडेफळ. भावजी गेल्यावर तो तुमच्या मनाविरुद्ध भरती झाला. निघायच्या दिवशी त्याला ओवाळायचं सोडून तुम्ही उसाच्या फडात जाऊन बसलात. तो पाया पडायला फडात आला तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "जातुयास तर जा. पन परत येऊ नगंस." तो खरंच आला नाही. सुट्टी मिळाली की आमच्याकडं साताऱ्याला यायचा, चार दिवस राहायचा आणि बेळगावला जायचा. तुम्ही मला त्याच्याबद्दल विचारायच्या, पण नाव न घेता. "तुमच्याकडं पावनं आल्तं म्हनं. जेवलं का नीट?"

शंकरराव गेल्यावर तुम्ही चुलीपुढं बसून राहिलात. मग उठून माझ्यापुढं आलात.

"वैनी, मला मिरजंला न्या. माजा शबुद माघारी घ्यायचाय."

मी म्हटलं, "अक्का, तो आता कुठं कुठं फिरेल. पत्र लिहू. पलटणीच्या पत्त्यावर पोचतं."

"आईचा शबुद तोंडानं गेलाय. त्यो तोंडानंच माघारी घ्यावा लागतोय. कागदानं न्हाई येत."

मी किल्ली घेतली. गाडी खोकली, चार पावलं गेली आणि गोठ्याजवळ थांबली ती थांबलीच. मी बॉनेट उघडलं, पेट्रोलची नळी काढली, स्टार्टर मारला. नळीतून थेंब नाही.

हे ओसरीवरच्या बाजेवरून म्हणाले, "तापला असेल. ओलं फडकं टाक."

"अहो, इंजिन थंडगार आहे. सकाळपासून उभी आहे गाडी."

"मग पंपच गेला म्हणायचा," हे म्हणाले. जणू काही हे पहिल्यापासून तेच म्हणत होते.

एसटीनं जायचं तर इस्लामपूरला बदला, सांगलीला बदला, आणि सणाची गर्दी. सकाळची गाडी निघून गेली होती. नवा पंप डिकीत होता. पाने देवापुढं होते. मी म्हटलं, शेजारून मागून आणते. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज गावातला एकूण एक पाना झेंडूच्या फुलांखाली आहे.

तुम्ही देवापुढं जाऊन बसलात. मी मागं उभी राहिले. मुलांनो, मी तेव्हा जे बोलले ते शिकलेली माणसं बोलतात तेच होतं. "अक्का, लोखंडाला काय कळतंय आज उचललं की उद्या?"

"लोकंडाला न्हाई कळत," तुम्ही म्हणालात. "मला कळतंय."

तुमच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की आता नाही म्हणणार, आणि तसं म्हणाला असता तर मी तुम्हाला दोष दिला नसता. तुमचा देव म्हसवडचा सिद्धनाथ. त्याच्या नावानं तुम्ही रविवार करायच्या, आणि आयुष्यात त्याला दिलेला शब्द तुम्ही मोडल्याचं कुणी पाहिलेलं नाही. मग तुम्ही मान न वळवता मला विचारलंत:

"वैनी, ही हत्यारं पुजायची कशापाई? लढाईला जायाच्या आदी म्हनून. व्हय न्हवं?"

"हो. मूळ तेच."

"माजं पोरगं आजच निगालंय. त्येचं सीमोल्लंघन आजच हाय. मग त्येच्या घरातल्या हत्यारानं उद्याची वाट का बगायची?"

मी बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं. त्या क्षणी मला त्यात कुठंही खोट काढता आली नाही, आणि काढायचीही नव्हती.

पण नुसतं उचललं नाहीत तुम्ही. सुपाऱ्यांचा डबा आणलात, आणि एकेक पाना कपाळाला लावून उचलताना त्याच्या जागी एकेक सुपारी ठेवलीत. हे बाजेवरून बघत होते. म्हणाले, "अक्के, सिद्धनाथाला फसवतीयास व्हय गं?"

"तू गप ऱ्हा, बाळू. डोळ्याला पट्टी हाय, तोंडाला बी बांदीन."

साठीला आलेला इंजिनियर गप्प झाला.

मग आपण कामाला लागलो. तुम्ही पहिल्यांदा चुलीवर पाणी ओतलंत. पेट्रोलजवळ विस्तव नको हे तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. मी बॅटरीची तार काढली. टाकीकडची नळी सुटल्यावर पेट्रोल वाहू नये म्हणून तुम्ही ज्वारीच्या ताटाचा तुकडा तासून तिच्या तोंडात बसवलात. हे सूचना देत होते आणि त्यातल्या निम्म्या आम्ही आधीच केलेल्या असत.

पंप इंजिनाच्या कुशीत, खाली, दोन नटांवर बसवलेला असतो. पुढचा नट सहज सुटला. मागचा नट म्हणजे शिक्षा. हात आत घातला की पाना फिरायला जागा नाही, आणि माझ्या बांगड्या नळीत अडकल्या. मी हात बाहेर काढला तेव्हा तुम्ही मला बाजूला सारलंत. तुमचा हात लांब, सडपातळ, आणि भावजी गेल्यापासून मोकळा. तो सरळ आत गेला. तुम्ही डोळे मिटून, बोटांनी चाचपत तो नट सोडवलात. त्याचा आटा, म्हणजे आतली फिरकीची खाच, जुना, झिजलेला होता. सुटताना लोखंडाचा बारीक चुरा तुमच्या बोटांना लागला.

जुना पंप बाहेर आला. मी तो हलवला तर आत फाटलेला पडदा फडफडला. मी ह्यांच्या चांगल्या डोळ्यासमोर नेऊन तो दाखवला. हे म्हणाले, "हं." एवढ्या वर्षांच्या संसारात हे "हं" मला चार-पाच वेळाच मिळालं आहे.

नव्या पंपाच्या खोक्यात पंप आणि इंजिनाच्या मधे घालायचं पॅकिंग नव्हतं. मग मी खोक्याचाच पुठ्ठा घेतला, पंप त्यावर ठेवून पेन्सिलीनं आखलं आणि कात्री मागितली. कात्रीही देवापुढं होती. तोवर सुपाऱ्या संपल्या होत्या. तुम्ही क्षणभर विचार केलात आणि तिच्या जागी हळकुंड ठेवलंत.

नवा पंप बसवताना मात्र घोटाळा झाला. पंपाला एक दांडी असते. ती इंजिनात घालायची, आत फिरणाऱ्या दांड्याच्या उंचवट्यावर टेकवायची, म्हणजे तो फिरला की ही हलते. आपण घातला, नट फिरवायला लागलो, पण पंप काही अंगाला लागेना, तिरपा राहिला. हे म्हणाले, "आवळा, बसेल." मी म्हटलं, नको, तुटेल. तुम्ही आतमध्ये बोट घालून चाचपलंत.

"ह्यो बसला न्हाई. जू खांद्यावर न्हाई, गळ्याखाली गेलंय."

बरोबर तसंच झालं होतं. दांडी उंचवट्याच्या वर टेकायच्या ऐवजी खाली घुसली होती. पुन्हा काढला. तुम्ही समोरून हँडल घालून इंजिन थोडंथोडं फिरवलंत, उंचवटा पलीकडं जाईपर्यंत, आणि मी पंप धरून ठेवला. माझा हात पेट्रोलनं घसरायला लागला तेव्हा तुम्ही हँडलवरून ओरडलात:

"धर की गं नीट! झोपलीस व्हय?"

अक्का, लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हापासून तुम्ही मला "तुमी" म्हणत होता. तुम्ही मोठ्या नणंद, मी धाकटी भावजय. हक्क "तू"चाच होता. पण मी कॉलेजात शिकलेली, इंग्रजी पुस्तकं घेऊन आलेली, म्हणून तुम्ही मला पाहुणीसारखं वागवायच्या. इतकी वर्षं ते मला खुपत होतं आणि बोलता येत नव्हतं. त्या दिवशी गोठ्याजवळ मी पहिल्यांदा तुमच्या घरची झाले. नंतर तुम्ही कधी "तुमी"कडं गेला नाहीत. ह्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते.

ह्या वेळी पंप चपखल बसला. पुढचा नट मी आवळला. मागचा तुम्ही. तुम्ही चेहरा वाकडा करून म्हणालात, "आटा गेलाय ह्येचा. लागलाय, पन मनाजोगता न्हाई." पातळ झालेलं तेल खाली सोडलं आणि तुमच्या विहिरीवरच्या इंजिनाच्या डब्यातलं ओतलं, ही सूचना ह्यांची, आणि ती चांगली होती. पंपाखालची छोटी दांडी तुम्ही अंगठ्यानं दाबत राहिलात. वरच्या काचेच्या वाटीत पेट्रोल चढलं.

"पान्हा सोडला बग," तुम्ही म्हणालात.

गाडी सुरू झाली. मागच्या नटाजवळून तेलाचा अगदी बारीक ओघळ येत होता. जाता येईल असं हे म्हणाले. तुम्ही सगळी हत्यारं पुसून पुन्हा देवापुढं बसवलीत, सुपाऱ्या उचलल्यात, देवाला हात जोडलेत आणि पुरणपोळ्यांचं फडकं घेऊन माझ्या शेजारी येऊन बसलात. हात धुवायचे राहिले ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

आष्टा येईपर्यंत मी मधूनमधून बघायची तर तुमचे ओठ नुसते हलत होते. जे बोलायचं ते मनाशी घोकत होता असं मला वाटलं. सांगलीत पेठेत झेंडूच्या ढिगांतून वाट काढताना मात्र तुम्ही खिडकीबाहेर डोकं काढून एका गाडीवाल्याला अशी शिवी दिलीत की मी ती मुलांसाठी लिहू शकत नाही.

मिरजेच्या फलाटावर सगळीकडं हिरवे कपडे. ट्रंकांवर बसलेले, वळकट्यांना टेकलेले, चहा पिणारे. आनंदानंच आपल्याला आधी पाहिलं. तो उठून ताठ उभा राहिला, साहेबापुढं राहावं तसा. तुम्ही त्याच्यापुढं जाऊन थांबलात. मी चार पावलं मागं राहिले. आता तुम्ही ते बोलणार, आणि ते ऐकायचा मला हक्क आहे की नाही हे मला कळत नव्हतं.

"कशी आलीस?" त्यानं विचारलं.

"गाडीनं. मामीनं आनली."

"मामांची गाडी चालतीया व्हय अजून?"

"चालत नव्हती. पंप गेल्ता."

आणि तुम्ही सुरू झालात. पंप कसा गेला, मामा कसा ओलं फडकं टाका म्हणत होता, ज्वारीचं ताट कसं घातलं, कात्रीला हळकुंड कसं ठेवलं. आनंदा हसायला लागला. त्याचे दोघे मित्र जवळ सरकले. तुम्ही मामीची नक्कल केलीत, मी पेन्सिलीनं पुठ्ठा आखत होते त्याची, आणि तीही बरी केलीत. पोळ्या सोडल्यात. आनंदानं घास घेतला आणि म्हणाला, "आई, पोळीला पेट्रोलचा वास येतुया."

"खा. इंजान चांगलं चालंल."

मी मागं उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, अक्का, वेळ जातोय. आता बोला. तुम्ही पंपावरच होता.

"मागला नट काय नीट बसला न्हाई बग. आटा गेलाय. म्या आवळलाय, पन तेल गळतंय जरा. मामाला दिसत न्हाई. मामीच्या हातात बांगड्या. तू येऊन नीट आवळ."

"बरं."

"दुसऱ्या कुनाला हात लावू देनार न्हाई मी."

"बरं, आई. आवळतो येऊन."

मग शिट्टी झाली. सगळे उठले. तो पाया पडला. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात, खाकी-हिरव्या कापडावर तेलाची पाच बोटं उमटली, आणि तो गर्दीत गेला.

परतीच्या वाटेवर माझा संयम सुटला. नदीच्या पुलावर आल्यावर मी म्हटलंच, "अक्का, ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच राहिलं. शब्द माघारी घ्यायचा होता ना तुम्हाला?"

"घेतला की."

"कधी घेतला? तुम्ही सगळा वेळ पंपाचंच बोलत होता."

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की जणू मीच अडाणी. "म्या काय सांगितलं त्येला? येऊन नीट आवळ म्हनलं. न येता कसा आवळंल त्यो?"

मी म्हटलं, हे असं चालत नाही. त्याला कळायला हवं. सरळ म्हणायचं, बाळा, मी रागात बोलले, परत ये.

"त्ये तुज्या पुस्तकात," तुम्ही म्हणालात, आणि डोळे मिटून मागं टेकलात.

ह्यावर आपण सात-आठ वर्षं भांडलो. मी म्हणायची, माणसानं महत्त्वाचं बोलणं स्पष्ट बोलावं. तुम्ही म्हणायच्या, स्पष्ट बोलून बघितलं हुतं की एकदा, उसाच्या फडात.

साताऱ्याला परतल्यावर मी मेकॅनिककडून तो आटा नवा करून घेणार होते. तुमचा निरोप आला: त्या नटाला कुणी हात लावायचा नाही. हे म्हणाले, खुळेपणा आहे. मीही तेच म्हणाले. आणि मग मी गाडीखाली एक जुनं ताट ठेवलं, रोज त्यातलं तेल पुसलं, दर रविवारी पट्टीनं बघून तेवढी भर घातली. लढाई सुरू झाली, ब्लॅकआउट झाले, रेडिओवर बातम्या लागल्या. मी ताट पुसत होते. ह्यांनी एकदा विचारलं, "मेकॅनिकला का नाही बोलवत?" मी म्हटलं, वेळ नाही.

पुढल्या वर्षी आनंदा आला. फाटकातून आत आला तो आमच्या पाया पडायच्या आधी गाडीकडं गेला. पाना मागितला. तो नट जेमतेम अर्धा वळसा फिरला. तेल तरीही थांबलं नाही, आटाच गेलेला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही मेकॅनिककडून नवा करून घेतला आणि तो गावाला तुमच्याकडं गेला. तिथं काय बोलणं झालं ते मी कधी विचारलं नाही. तेराव्याला त्याला विचारावं असं मनात आलं होतं. तो पंगतीत वाढत होता, मी राहू दिलं.

अक्का, गेल्या काही वर्षांत दर भेटीत तुम्ही मला एकच विचारायच्या. "पोरगं कवा येतंय तुजं?" मी सांगायची, त्याला रजा मिळत नाही, मुलांच्या शाळा आहेत, अंतर फार आहे. तुम्ही ऐकून घ्यायच्या. मग म्हणायच्या, "तू ये म्हनलीस का पर त्येला?" मी म्हणायची, असं कसं म्हणायचं, त्याचं तिकडं सगळं चांगलं चाललंय, आणि न सांगता त्याला कळत नाही का? तुम्ही हसायच्या आणि विषय बदलायच्या. दिवाळीत शेवटची भेट झाली तेव्हाही तसंच हसलात.

मी त्याला नियमित पत्रं लिहिते. काल रात्रीपर्यंत त्या पत्रांबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पत्रांत साताऱ्याचा पाऊस असतो, ह्यांची प्रकृती असते, कुणाचं लग्न ठरलं ते असतं. सगळं स्पष्ट, वळणदार अक्षरात.

तर मुलांनो, हा कागद बाबांना वाचून दाखवा. आजोबा बरे आहेत. मीही बरी आहे. न्हाणीघरातला नळ गेल्या उन्हाळ्यापासून गळतो आहे. नळ दुरुस्त करणारा कोपऱ्यावरच बसतो, हाक मारली तर आत्ता येईल. मी त्याला बोलावलेलं नाही. वॉशर आणून ठेवला आहे.